वाचकांचे प्रश्न : मोह, सावर आणि वाघळं

सावरीला कळ्या धरल्या, मोहाची पानं गळाली की आमच्या टपालात वाघळं येऊ लागतात. काही पत्रांत तक्रार असते, काहींत कौतुक. विचारणं मात्र एकच: वाघूळ आमच्या झाडाच्या कामाचं, की नुसतं नासधूस करणारं? सगळ्या झाडांना लागू पडेल असं उत्तर याला नाही. मोहाला जे खरं ते संत्र्याला खोटं. म्हणून निवडक प्रश्न घेऊन झाडागणिक सांगतो.

प्रश्न : आमच्या वाट्याला मोहाची बरीच झाडं आहेत. अंधार पडला की मोठाली वाघळं येतात आणि फुलं चावून टाकतात. पहाटे वेचायला गेलं की झाडाखाली चोथेच चोथे. डबे वाजवून, फटाके फोडून हाकललं तर चालेल का?
— एक वाचक, कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : हाकलायच्या आधी वाघूळ नेमकं काय खातं ते पाहा. आपण जे मोहफूल म्हणून वेचतो ते पूर्ण फूल नसतं. ती पाकळ्यांची मिळून झालेली मांसल, गोड नळी असते आणि तिच्या आतून वीस-तीस पुंकेसर चिकटलेले असतात. ज्याचा पुढे टोळ, म्हणजे मोहाचं फळ, होतो तो भाग, म्हणजे अंडाशय, तपकिरी लव असलेल्या निदलांसकट वर फांदीलाच राहतो. त्यामुळे फुलं वेचल्याने टोळ कमी होत नाहीत, आणि वाघळाने नळी ओढून खाल्ली तरी त्या फुलाचा टोळ जात नाही. तुमचं नुकसान होतं ते खाल्लेल्या नळ्यांपुरतं.

आता जमेची बाजू. मोहाची कळी मिटलेली असतानाच तिच्या टोकातून एक बारीक दांडी बाहेर डोकावते. हातात झुबका घेऊन बघा, लगेच दिसेल. तिच्या टोकाला कुक्षी असते, आणि ती पराग घ्यायला तयार असते. त्याच फुलातले पराग मात्र नंतर मोकळे होतात, नळी भरून गोड झाल्यावर. फुलाने आपल्याच परागावर फळ धरू नये म्हणून हा मागेपुढे क्रम आहे. तेव्हा पराग दुसरीकडून, शक्य तर दुसऱ्या झाडावरून यायला हवा. वाघूळ वासावर पिकलेली नळी शोधतं, झुबक्याला लोंबकळतं, नळी दातांत धरून ओढतं. पराग त्याच्या नाकाला, हनुवटीला, गळ्याच्या केसांना माखतात. शेजारच्या झुबक्यात किंवा पुढच्या झाडावर तोंड खुपसलं की बाहेर आलेल्या कुक्षीला तेच केस घासतात. वाघूळ पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी एका रात्रीत कित्येक किलोमीटर फिरतं. तुमच्या मोहाचा पराग शिवारापलीकडच्या मोहावर नेणारा असा वाहक दुसरा सहजी मिळत नाही. माश्या, पतंग आणि वारा यांचाही वाटा असतो, त्यामुळे वाघळं नसली तर एकही टोळ धरणार नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका. टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बीचं, तेल काढणाऱ्या घराने मात्र वाघळांना पूर्ण पिटाळून लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फटाके तर नकोच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली वाळका पाला असतो, एक ठिणगी वणव्याला पुरते. वेचायला जागा साफ व्हावी म्हणून पाला पेटवणंही सोडा. आगीने मोहाची रोपं मरतात, बुंध्याची साल भाजते आणि खालच्या फांद्यांचा फुलोरा होरपळतो. पाला खराट्याने बुंध्यापासून बाहेर ओढा किंवा फांद्यांखाली जुन्या साड्या, हिरवी शेडनेट कमरेइतक्या उंचीवर बांधा. मध्ये झोळ ठेवला की फुलं एका जागी गोळा होतात, माती लागत नाही आणि भावही बरा येतो. मासे धरायचं बारीक नायलॉनचं जाळं वापरू नका, त्यात वाघळं आणि पाखरं अडकून मरतात. बहुतेक फुलं पहाटेपासून सकाळपर्यंत गळतात, म्हणून उजाडायच्या आधी झाडाखाली असणं हाच वाघळांना दिलेला खरा शह. चावलेल्या नळ्या आणि चोथे वेगळे काढून टाका, चांगल्या फुलांत मिसळू नका. ओली फुलं ढीग करून ठेवली तर दुपारपर्यंत आंबतात. पातळ पसरून वाळवा.

कधी फूल कमी आलं तर ते लगेच वाघळांच्या माथी मारू नका. फुलोऱ्याच्या दिवसांतला अवकाळी पाऊस आणि गारपीट एका रात्रीत जेवढा झुबका झोडपते, तेवढा वाघळांचा थवा महिनाभरात खात नाही.

प्रश्न : आमच्याकडे रात्री फिरणारी वाघळं दोन-तीन आकारांची दिसतात. फुलांवर जाणारी कोणती? विहिरीतल्या छोट्या पाकोळ्याही पराग नेतात का?
— एक वाचक, पवनी, जि. भंडारा

उत्तर : विहिरीतल्या, पडक्या देवळातल्या बारीक पाकोळ्या बहुतांशी किडे खाणाऱ्या. डास, पतंग, शेतातली किडीची फुलपाखरं टिपणं हे त्यांचं काम, फुलांशी त्यांचा संबंध नाही.

फुलांवर जाणारी तीन ओळखून ठेवा. पहिलं मोठं वाघूळ: पंख पसरले की सव्वा मीटरच्या आसपास, वजन किलोच्या घरात, मान-खांद्यावर पिवळट तांबूस केस. वड, पिंपळ, चिंच, अर्जुन अशा उंच झाडांवर, बहुधा तलावाच्या काठी, उघड्यावर लटकतं. दुसरं आखूड नाकाचं वाघूळ: मुठीएवढं, कानांना पांढरी कडा. ताडाच्या झावळ्या, उंच अशोकाचा पाला कुरतडून आत आडोसा करतं आणि दोन-चारांच्या नाहीतर डझनभरांच्या घोळक्याने राहतं. तिसरं गुहेत राहणारं तपकिरी वाघूळ: किल्ल्यांची भुयारं, जुन्या मोठ्या विहिरी, डोंगरातल्या कपारी. तिघांतलं हेच एक जिभेने टकटक आवाज काढून प्रतिध्वनीवर काळोखात वाट काढतं. बाकी दोघं डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून असतात. म्हणून त्यांना बोलावणारी फुलं फिकट किंवा मळकट रंगाची, उग्र वासाची, पानांच्या बाहेर आलेली आणि भक्कम देठाची असतात. आपल्याकडची वाघळं अमेरिकेतल्यासारखी हवेत एका जागी तरंगून मध पीत नाहीत, फुलावर येऊन आदळतात आणि लटकतात. नाजूक देठ असता तर पहिल्याच भेटीत तुटला असता.

प्रश्न : नववीच्या मुलांकडून ‘मोहाला वाघळं फळ धरायला मदत करतात का’ हा प्रयोग करून घ्यायचा आहे. शाळेला जमेल अशी पद्धत सांगाल का?
— एक शिक्षिका, नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर : जमेल, आणि खर्च फारसा नाही. खालच्या फांद्यांपर्यंत बाकावर उभं राहून हात पोचेल अशी तीन झाडं निवडा. एका झाडावर भागवू नका, कारण एखादं झाड मुळातच कमी फळ धरणारं असू शकतं. प्रत्येक झाडावर कळ्यांचे वीस झुबके घ्या, त्यांचे पाच-पाचचे चार गट करा आणि गटागटाला वेगळ्या रंगाचा दोरा देठाला सैल बांधा. घट्ट बांधलेला दोरा देठ वाढताना कापतो.

पहिला गट मोकळा. दुसऱ्या गटावर मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी: वाघूळ नाही, किडाही नाही, पण वाऱ्याने येणारा थोडा पराग जाऊ शकतो. तिसऱ्या गटाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची एक इंची तारजाळी, वळवून केलेल्या पिंजऱ्यासारखी: यातून मधमाशी आणि बहुतेक पतंग जातात, वाघूळ, पाखरू, खार जात नाही. चौथ्या गटावरही मच्छरदाणी, पण रोज संध्याकाळी पिशवी उघडून बाहेर आलेल्या कुक्षींवर दुसऱ्या झाडाच्या ताज्या नळीतला पराग मऊ कुंचल्याने लावायचा आणि पिशवी परत बांधायची. चौथा गट दाखवतो की पराग भरपूर मिळाला तर झाड जास्तीत जास्त किती फळ धरू शकतं. पिशवीमुळेच फळं गळताहेत का, हेही त्यावरून कळतं.

पिशवी कधी बांधायची हे सर्वांत महत्त्वाचं. फूल उमलल्यावर बांधली तर प्रयोग फुकट गेला, कारण कुक्षी कळीतूनच बाहेर आलेली असते आणि तिला पराग लागून गेलेला असतो. एकाही कळीतून दांडी बाहेर आलेली नसताना बांधा. काही कळ्या पुढे गेल्या असतील तर त्या खुडा. बांधण्याआधी झुबक्यातल्या कळ्या मोजून वहीत लिहा.

जिथे हमखास बिघडतं त्या जागा सांगतो. प्लास्टिकची पिशवी घातली की आत वाफ धरते आणि दोन दिवसांत कळ्या काळ्या पडतात. मच्छरदाणी थेट कळ्यांवर टेकली तर वाऱ्याने कापड हलून तेच पराग इकडचे तिकडे लावतं, म्हणून आत सायकलच्या स्पोकचं किंवा जाड तारेचं कडं घाला, पिशवी साधारण हातभर लांब शिवा. पिशवीच्या तोंडाशी मुंग्या शिरतात, तिथे कापूस गुंडाळून मग सुतळी बांधा. मोहाचा चीक हाताला चिकटतो, मुलांना डोळे चोळू देऊ नका.

नळ्या गळून दांड्या वाळल्या की पिशव्या आणि जाळ्या काढा. तीन-चार आठवड्यांनी फळं मोजा, पुन्हा एकदा जूनमध्ये मोजा, कारण पहिल्या महिन्यात बरीच कोवळी फळं गळतात. शंभर कळ्यांमागे किती फळं, असा आकडा प्रत्येक गटाचा काढा. मोकळ्या गटात जास्त आणि तारजाळीच्या गटात स्पष्टपणे कमी फळं आली, तर फरक बहुतांशी वाघळांचा धरता येतो, कारण रात्रीच्या मोहावर तेवढ्या आकाराचं दुसरं कोणी फारसं येत नाही. दोन्ही गट जवळजवळ सारखे आले तर तुमच्या झाडांवर त्या वर्षी किड्यांनी काम भागवलं. तोही निकाल तसाच लिहायचा, मुलांना तो ‘चुकला’ असं सांगायचं नाही.

रात्री वाघळं बघायची असतील तर अंधार पडल्यावर तास-दीड तास बसा, बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा. पांढरा झोत थेट झाडावर मारला की ती उठून जातात आणि मग तासभर काहीच दिसत नाही.

प्रश्न : काटेसावर तर लालभडक, दिवसभर मैना-कावळे-कोतवाल तिच्यावर. तरी ती वाघळांची म्हणतात ते कसं?
— एक वाचक, धारणी, जि. अमरावती

उत्तर : सावर दोन पाळ्यांत काम घेते. लाल रंग आणि वाडग्याएवढं उघडं फूल हे पाखरांसाठी, पण फूल रात्रीपासूनच उमलू लागतं, मध तेव्हाच साठलेला असतो आणि पुंकेसरांचे जाड जुडगे बाहेर आलेले असतात. मोठं वाघूळ फांदीवर चढत-सरकत एकेक फूल चाटत जातं, जुडग्यांत तोंड घातलं की गालांना पराग. सकाळी पाखरं उरलेल्या मधावर येतात. पाकळ्यांवर नखांचे उभे ओरखडे, कडा फाटलेल्या दिसल्या तर रात्रपाळी झाली असं समजा. सावरही दुसऱ्या झाडाच्या परागाने चांगली फळते, म्हणून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) एकटीच उभी असलेली सावर फुलून लाल होते, बोंडं मात्र जेमतेम धरते.

प्रश्न : संत्र्याच्या फुलांवर वाघळं येत नाहीत, पण आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळं रात्रीतून खराब होऊन गळतात. शेजारचे म्हणतात वाघळांचं काम. खरं काय?
— एक बागायतदार, वरूड, जि. अमरावती

उत्तर : संत्र्याचं फूल दिवसाचं, त्याचं गिऱ्हाईक मधमाशी. वाघळाचा तिथे काही संबंध नाही.

फळगळीसाठी आधी गळालेलं फळ हातात घ्या. गोल, टाचणीने टोचल्यासारखं एकच बारीक छिद्र, दाबलं की रस उडतो, छिद्राभोवती तपकिरी मऊ वर्तुळ आणि फळाचा तुकडा कुठेही गेलेला नाही, तर तो रस शोषणारा पतंग आहे. वाघूळ टोचत नाही, लचका तोडतं. दातांची खूण, सालीचे तुकडे आणि चावून थुंकलेला चपटा चोथा झाडाखाली सापडतो. खात्री करायची तर रात्री आठ ते अकरा बॅटरी घेऊन ओळींतून फिरा, फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे झोतात निखाऱ्यागत चमकतात.

पतंगाच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, बागेच्या कुंपणावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. त्या वेली बागेलगतच्या काढा. गळालेली फळं रोज उचलून खड्ड्यात खोल पुरा, कारण आंबलेल्या वासावर आणखी पतंग येतात. संध्याकाळी बागेत ओल्या काडीकचऱ्याचा धूर करा, प्रकाश सापळा लावा. झाडं थोडी असतील तर फळांना पिशव्या घालणं सर्वांत खात्रीचं.

जांबाची (पेरूची) आणि चिकूची गोष्ट वेगळी, तिथे वाघूळ खरोखर फळ खातं. त्यावर जाळी घालायची तर पांढरी, इतकी बारीक की बोट आत जाणार नाही, आणि चौकटीवर ताणून. सैल, मोठ्या भोकाच्या जाळीत वाघूळ गुंतलं की ते मरतं, जाळीही फाटते. जांब पूर्ण पिवळा व्हायची वाट न बघता हिरवट पिवळा असतानाच तोडला तर वाघळांना उरतं ते थोडं.

प्रश्न : ड्रॅगन फ्रूटचं फूल रात्री फुलतं आणि परदेशात वाघळं त्याचं परागीभवन करतात असं ऐकलं. माझ्या बागेत लाल गराच्या जातीची फुलं पिवळी पडून गळतात. बागेत वाघळं यावीत म्हणून काही करता येईल का?
— एक शेतकरी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : ऐकलंत ते बरोबर, पण ते मेक्सिकोपुरतं. तिथली मध पिणारी वाघळं लहान, लांब जिभेची, हवेत थबकून फुलात तोंड घालणारी आहेत. आपल्याकडे ती नाहीत. आपली वाघळं फुलावर लटकतील आणि महिन्याभराने पिकलेल्या फळावर हमखास येतील. म्हणून बोलावू नका, हाताने पराग लावा.

पांढऱ्या गराच्या जाती बहुधा स्वतःच्या परागावर फळ धरतात. लाल गराच्या कित्येक जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. सगळी बाग एकाच लाल जातीची असेल आणि फुलं चार-सहा दिवसांत बुडापासून पिवळी होऊन पडत असतील, तर पहिला संशय हाच. दर चार-पाच ओळींमागे एक ओळ पांढऱ्या गराची किंवा दुसऱ्या लाल जातीची असू द्या.

फूल संध्याकाळी सात-आठला उघडू लागतं, मध्यरात्रीपर्यंत पूर्ण उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. रात्री नऊनंतर दुसऱ्या जातीच्या फुलाखाली कोरडी स्टीलची ताटली धरून पुंकेसर हळूच झटका, पिवळी भुकटी पडते. मऊ, कोरडा, चित्रकलेचा जाड कुंचला घ्या. मधोमध वर आलेला फाट्याफाट्यांचा तुरा म्हणजे कुक्षी. त्याच्या सगळ्या फाट्यांना पराग लागला पाहिजे, एकाच बाजूला पुसून पुढे जाऊ नका. आतल्या बिया जितक्या जास्त धरतात तितकं फळ मोठं होतं, अर्धवट लावलेल्या परागाचं फळ लहान आणि वाकडं राहतं. एका चांगल्या फुलाचा पराग कित्येक फुलांना पुरतो. रात्री जमलं नाही तर पहाटे करा, उन्हाळी दिवसांत सकाळी आठच्या आत उरका.

पाऊस पडत असेल तर भिजलेला पराग निकामी होतो. संध्याकाळी आभाळ भरून आलेलं दिसलं तर उमलायच्या बेतातल्या फुलावर कागदी टोपी घाला. दोन जाती एकाच रात्री फुलल्या नाहीत तर पराग कागदाच्या पुडीत, पुडी झाकणाच्या कोरड्या डबीत, डबी फ्रिजमध्ये, असा एक-दोन दिवस ठेवता येतो. लावलेल्या फुलाला दोरा बांधा. पाच-सहा दिवसांनी वरचं फूल वाळलं आणि खालचा भाग हिरवा, टणक राहिला तर फळ धरलं. फुलोऱ्यात ठिबक जास्त चालवलं, बुडाशी पाणी साचलं तरी गळ होते, तिथे पराग लावून उपयोग नाही. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत पहाटे फवारणी करू नका. सकाळी पहिल्या उन्हाला मधमाश्या याच फुलांवर असतात, फुकटचे मजूर मारू नका.

प्रश्न : रात्री वाघळं केळफुलाला लटकतात. घड नीट भरण्यासाठी ती हवीत का?
— एक वाचक, अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

उत्तर : नकोत. जंगली केळीला वाघळं लागतात, तिच्या फळात बियाही होतात. बागेतली केळी परागाशिवायच फळ धरते, म्हणून तर तिच्यात बी नसतं. वाघूळ केळफुलातला मध पितं, त्याने घडाचं भलं होत नाही आणि बुरंही फारसं होत नाही. शेवटची फणी सुटल्यावर केळफूल तोडता तसं वेळेवर तोडा, येणं आपोआप कमी होईल. घड झाडावर पिकू देऊ नका.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या पडीक जागेत वाघळांच्या उपयोगाची झाडं लावायची आहेत. कोणती, कशी?
— एक सरपंच, भिवापूर, जि. नागपूर

उत्तर : फुलोरा एकामागून एक येईल असं बघा: सावर जानेवारीअखेर ते मार्च, मोह मार्च-एप्रिल, टेटू पावसाळ्यात. मधल्या महिन्यांत वाघळांना खायला फळं हवीत, त्यासाठी उंबर, वड, पिंपळ, जांभूळ. नुसती फुलझाडं लावली तर वाघळं हंगामापुरती येऊन गावातल्या जांबावर उतरतील.

मोहाचं बी साठवता येत नाही, इथेच बहुतेकांची चूक होते. जून-जुलैत टोळ पडले की गर काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. महिनाभर पोत्यात राहिलेलं बी उगवेल या भरवशावर राहू नका. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, म्हणून पिशवी खोल हवी, नाहीतर मूळ तळाशी वेटोळं घालतं आणि लावल्यावर झाड वर्षानुवर्षं खुरटं राहतं. त्यापेक्षा खड्ड्यातच दोन बिया अर्धा-पाऊण इंच खोल टाका, पुढे जोमदार रोप ठेवा. बियांपासूनच्या मोहाला फुलायला आठ-दहा वर्षं किंवा अधिक लागतात, लवकर हवा तर कलम. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटायच्या आधी उतरवा, नाहीतर कापसासोबत बी उडून जातं. टेटूची शेंग तलवारीएवढी, आत पातळ कागदी पंखाच्या बिया. त्या वाफ्यात पसरून वर मातीची पातळ चाळ पुरे, खोल पुरलं तर कुजतात. मोह आणि सावर आठ-दहा मीटरवर लावा, प्रत्येकाची निदान चार-पाच झाडं, एकेकटी नको.

टेटूबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तो नेमका वाघळांसाठीच बांधलेला आहे. फुलांचा दांडा पानांच्या वर हात-दोन हात उंच, फूल जांभळट, मांसल, कुबट वासाचं. अंधारात उमलतं आणि उजाडायच्या आत गळून पडतं, म्हणजे दिवसाच्या पाखरांना, मधमाश्यांना संधीच नाही. कुक्षीचे दोन ओठ असतात, त्यांना स्पर्श झाला की ते मिटतात. आपल्याकडे आखूड नाकाचं वाघूळ त्यावर येतं. दशमुळात (दहा मुळांच्या आयुर्वेदिक औषधात) टेटूची मुळं लागतात म्हणून जंगलातली झाडं मुळासकट उपटली जातात, तेव्हा गावात लावलेली रोपं कोणाला खणू देऊ नका.

जागा ठरवताना विजेच्या तारा बघा. मोठ्या वाघळाचे पंख दोन तारांना एकाच वेळी टेकतात आणि ते जागीच मरतं. तारांखाली किंवा तारांना चिकटून सावर-मोह लावूच नका.

प्रश्न : मालगुजारी तलावाच्या पाळीवरच्या वडावर शेकडो वाघळं आहेत. मे महिन्यात काही मरून पडली. लोक निपाहच्या भीतीने वड तोडा म्हणतात.
— एक वाचक, साकोली, जि. भंडारा

उत्तर : मे महिन्यातल्या दुपारी पडलेली वाघळं बहुधा उन्हाने गेलेली असतात. पारा ४२ अंशांच्या वर गेला की मोठी वाघळं पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी चाटतात, मग खाली सरकत येऊन बुंध्याला गोळा होतात आणि पडू लागतात. पण नुसत्या अंदाजावर सोडू नका. मेलेल्याला उघड्या हाताने हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि वनरक्षकाला कळवा, कुत्र्यांना लांब ठेवा. जिवंत पडलेल्यालाही उचलू नका, ते चावतं. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा.

निपाहचा विषाणू मोठ्या वाघळात असतो, हे खरं. केरळात २०१८ साली कोझिकोडला साथ आली होती. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा मिळाल्या. पण वड तोडून धोका कमी होत नाही, वाढतो. हुसकावलेली वाघळं गावातल्या चिंचांवर, आमराईत विखुरतात आणि त्रासलेल्या वाघळाच्या अंगातून विषाणू जास्त बाहेर पडतो. संसर्गाची वाट तोडायची तर चावलेलं फळ खाऊ नका, गुरांनाही टाकू नका. पाडाचा आंबा, जांब धुऊन, सोलून खा. शिंदीची कच्ची नीरा उघड्या मडक्यातली पिऊ नका. बांगलादेशात निपाह याच वाटेने वारंवार माणसात आला, तिथे झाडाच्या कापलेल्या भागावर आणि मडक्यावर बांबूच्या कामट्यांची चटई बांधतात. ताटीसाठी बांबू आपल्याकडे कमी नाही.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वाघळं उंदीर, कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होती. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेलं, १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू आहे. ‘वाघूळ मारायला मुभा आहे’ असं सांगणारा जुन्या माहितीवर बोलतो. झाड तोडायला परवानगी लागते ती वेगळीच.

वडाखाली मे-जूनमध्ये गुरं बांधू नका, माणसं झोपवू नका, लिदीची माती हाताळायची तर नाकाला फडकं बांधा. मादी वर्षाला एकच पिल्लू देते आणि ते उन्हाळ्यात अंगाला धरून असते, तेव्हा या दिवसांत झाडाखाली धूर, डीजे, फटाके टाळा. पाळीवरून तलावाच्या पाण्याकडे जाणारी मोकळी वाट बेशरमाच्या झुडपांनी आणि बाभळीने बुजली असेल तर ती कापून काढा. वाघूळ वाडग्यातून पाणी पीत नाही. उडत येऊन पोट पाण्याला टेकवतं आणि मग झाडावर बसून ओले केस चाटतं, त्यासाठी त्याला पंधरा-वीस मीटर मोकळं पाणी लागतं.